तेल तुमचं, गोळी त्याची

मारतहळ्ळी,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

ती. अम्मा,

तुम्हाला वाकून नमस्कार. अण्णांना उभ्याउभ्याच, कारण ते वाकू देत नाहीत, "असू दे, असू दे" करत दोन पावलं मागे सरतात.

सुनेचं पत्र आलं म्हणजे काय झालं असेल म्हणून तुम्ही आधी घाबराल. तेव्हा पहिल्यांदा खुशाली. मी बरी आहे, तुमचा लेक बिंदू बरा आहे. तुम्ही दिलेलं कढीपत्त्याचं रोप टँकरच्या पाण्यावरही तग धरून आहे. बिंदूचं पीण्या भागातल्या कारखान्यात जाणं-येणं तसंच, आधी स्कूटर, मग मेट्रो, मग चालणं. कारखान्यात त्याला आता नवीन टोपी दिलीय, पिवळी. संक्रांतीचं तुमचं एळ्ळू-बेल्ला मी ऑफिसात नेलं तर क्षणात डबा रिकामा. "आमच्या पुण्याचा तिळगूळ दातांची परीक्षा घेतो, त्यापेक्षा हे बरं," असं मी चारचौघांत म्हणाले. हे वाक्य माझ्या आईच्या कानावर जाता कामा नये.

आता तुम्ही म्हणाल, बनशंकरी आणि मारतहळ्ळी एकाच गावात, हातात फोन, मग ही बया पत्र कशाला लिहीत बसलीय? सांगते. फोनवर तुम्ही स्पीकर लावता. लांबून अण्णा "काय म्हणते? काय म्हणते?" करतात. तुम्ही त्यांना माझं वाक्य सांगता आणि सांगताना त्यात पदरचं थोडं घालता. शिवाय तुम्ही मधे बोलता. रागावू नका, पण बोलता. मला जे सांगायचंय ते एका दमात सांगितलं नाही तर पुन्हा माझ्याच्यानं व्हायचं नाही, म्हणून हा कागद. बिंदूला सांगून लिहितेय. वाचायला मात्र दिलेलं नाही.

विषय मंगळवारचा आहे. मंगळवारी डॉक्टर वीणांकडे जायचं आणि तेव्हापासून मला रोज पोटात इंजेक्शन सुरू. मग भूल, मग स्त्रीबीजं काढणं, मग पुढचं सगळं. तुम्ही "मी येतेच" म्हणालात. याच तुम्ही. पण हे वाचून या.

तेलापासून सुरुवात करते, म्हणजे मला सोपं जाईल.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच रविवारी तुम्ही मला मागच्या अंगणात तेलाची कढई दाखवलीत. लोखंडी, काळीभोर, माझ्या दोन हातांत न मावणारी. खोबरेल तेलात माका (तुमचा गरुग), ब्राह्मी, जास्वंद, मेथी, कढीपत्ता (तुमचा कर्बेवू), आणि "आणखी एक वस्तू, ती तुला पहिलं मूल झाल्यावर सांगणार," असं म्हणालात. तेव्हा मी हसले होते. तेल उतरवून फडक्यातून गाळताना तुमचा चेहरा असा असतो की देवघरातसुद्धा तुम्ही इतकं लक्ष देऊन बसत नाही. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. मला ते बघायला आवडतं.

आणि तेलाची ख्याती तर काय विचारता! मंडळाच्या हळदीकुंकवाला तुम्ही बिंदूला खुर्चीवर बसवता, मान खाली घालायला लावता आणि त्याची टाळू अख्ख्या बनशंकरीला दाखवता. "बघा की! ह्याच्या अण्णाचं बघा, आजोबाचं बघा, काकाचं बघा. सगळ्यांचं तिशीत मैदान. आणि ह्याचं बघा. स्वल्पसुद्धा विरळ नाही. नुसतं तेल हं, औषध म्हणून काही नाही!" मग बायका टाळूकडे बघतात, अण्णा आपल्या डोक्यावरून हात फिरवत आत निघून जातात, आणि दुसऱ्या दिवशी चार घरांतून रिकाम्या बाटल्या येतात. कावेरी तर म्हणते, दादाचं डोकं म्हणजे अम्माचं दुकान आहे.

अम्मा, बिंदू ते तेल लावत नाही.

लिहिलं एकदाचं. तुम्ही आता कागद बाजूला ठेवला असेल, चष्मा पुसला असेल आणि "हिला काय कळतंय" म्हणाला असाल. पुढे वाचा.

गेल्या आठवड्यात मी आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात माझ्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणायला गेले. दुकानदार चांगला माणूस आहे, माझं मोडकंतोडकं कन्नड ऐकून घेतो. म्हणाला, "मेडम, सारदू मात्रेनू बंदिदे, तगोंडु होगी." साहेबांच्या गोळ्यापण आल्यात, घेऊन जा. मी म्हटलं, कसल्या गोळ्या? तो म्हणाला, "नेहमीच्याच की." आणि दोन पाकिटं माझ्या हातात दिली, सोबत तो डोक्याला लावायचा फेस. मी घरी आले आणि बिंदू आल्यावर ते सगळं जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटाशेजारी मांडून ठेवलं. वाढलं काहीच नाही.

तो खुर्चीत बसला, पाकिटं ताटापासून दूर सरकवली. मग सांगितलं. अठ्ठाविसाव्या वर्षी एकदा केस कापून झाल्यावर न्हाव्यानं डोक्यामागे आरसा धरला आणि त्याला आपली टाळू दिसली. तुमच्या दिवाणखान्यात फोटोंची जी रांग आहे ना, आजोबा, काका, अण्णा, ती एकदम डोळ्यांपुढे आली म्हणतो. दुसऱ्याच दिवशी तो त्वचेच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी एक गोळी रोज पोटातून आणि फेस रोज टाळूवर, असं दिलं. आणि नेमकं त्याच महिन्यात तुमच्याही लक्षात आलं की पोराचे केस उतरतायत. तुम्ही कढई चढवलीत.

म्हणजे दोन्ही एकदम सुरू झालं. केस टिकले. तुम्हाला वाटलं तेलानं. त्यानं तुम्हाला तसं वाटू दिलं.

का, तर मी त्याला झापलं तेव्हा तो म्हणाला, "तू अम्माचा चेहरा बघितला नाहीस ती बाटली देताना." आता यावर काय बोलायचं? चेहरा मी बघितलाय, वर लिहिलंच आहे. आणि मला अण्णांनी एकदा सांगितलंय, तुमच्या लग्नात मांडवात कोणीतरी बाई मोठ्यानं म्हणाली होती, "हा मुलाचा मामा, नवरा कुठाय?" अण्णा तर हसत हसत सांगत होते. म्हणाले, मला काही वाटलं नाही, पण सुनंदा त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा तुमचं ते तेल कशासाठी आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच इतके दिवस गप्प बसले. केसांची गोष्ट केसांवरच राहिली असती तर पुढेही बसले असते.

तेलाचं पुढे काय होतं, हेही सांगून टाकते. ते मी लावते. माझी वेणी बघा, लग्नात होती त्याच्या दीडपट झालीय. माझी आई विचारते काय लावतेस, तर मी विषय बदलते. त्यामुळे तुमचं तेल वाया गेलं असं अजिबात समजू नका. मध्ये एकदा बिंदूच्या मनानं घेतलं होतं की गोळी सोडावी, सगळं नैसर्गिकच करावं. महिनाभर त्यानं कांद्याचा रस चोळला. मेट्रोत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली आणि पीण्याला लोक विचारायला लागले की डब्यात भजी आहेत का. तुमचं तेलही तेव्हा लावलं हं, अगदी मनापासून. तरी उशीवर केस दिसायला लागले. घाबरून पुन्हा गोळी सुरू केली. तेव्हा मी विचारलं तर म्हणाला होता, "व्हिटॅमिन आहे."

मग मी वाचलं, ओळखीच्या दोघा डॉक्टरांना विचारलं. मला समजलं ते असं. पुरुषांचं हे टक्कल घराण्यातून येतं आणि आतून येतं. अंगातलंच एक हार्मोन केसांची मुळं बारीक करत नेतं. तेलानं केसांना वंगण मिळतं, कोंडा कमी होतो, डोकं शांत होतं, झोप लागते, पण ते त्या हार्मोनपर्यंत पोचत नाही. गोळी पोचते. म्हणून तिनं केस टिकतात, घेत राहिलं तोवर. पण जी गोष्ट आत जाऊन काम करते ती आत दुसरीकडेही काही करू शकते. सगळ्यांना होत नाही. बहुतेकांना काहीच होत नाही. पण काही जणांच्या बाबतीत, अम्मा, पुरुषाच्या बीजाची संख्या कमी होते. गोळी थांबवली की काही महिन्यांत पुष्कळदा ती पुन्हा वाढते.

आता आठवा, आपण डॉक्टर वीणांकडे पहिल्यांदा गेलो तो दिवस. तुम्ही आमच्याबरोबर आत आलात. डॉक्टरांनी मला विचारलं, नियमित काही औषध? मी सांगितलं. मग त्यांनी बिंदूला विचारलं, तुम्ही काही गोळ्या घेता? बिंदूनं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "एनू इल्ला डॉक्टर! माझा मुलगा तापाची गोळीसुद्धा घेत नाही. फक्त माझं तेल." आणि वर त्याची टाळूही दाखवलीत. डॉक्टरही हसल्या. त्यांनी 'काही नाही' असं लिहून घेतलं. बिंदूनं मान खाली घातली होती. मला तेव्हा वाटलं तुम्हाला टाळू नीट दिसावी म्हणून घातली.

नंतर तपासण्या झाल्या. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघंच गेलो होतो. तुम्ही फोनवर विचारलंत, काय निघालं? बिंदू म्हणाला, "सुखदाला इंजेक्शनं घ्यावी लागतील." तुम्ही म्हणालात, "अय्यो, बिचारी." त्यावरून तुम्हाला जे वाटायचं ते वाटलं, आणि तुमचा त्यात दोष नाही, कोणालाही तेच वाटलं असतं. पण माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, अम्मा. सगळे. कमी आहे ते त्याचं आहे. कारण सापडत नाही, कारण गोळीचं कोणी सांगितलंच नाही, म्हणून डॉक्टर म्हणाल्या थांबण्यात अर्थ नाही, प्रयोगशाळेतून करू. आणि प्रयोगशाळेतून करायचं म्हटलं की सुया बाईलाच टोचतात, कमी कुणाचंही असो.

मी गेले आठ दिवस रागात आहे. आधी त्याच्यावर, मग तुमच्यावर, मग पुन्हा त्याच्यावर. पण खरा राग कशाचा आहे ते मी टाळत टाळत इथपर्यंत आणलंय.

कावेरीच्या डोहाळजेवणाला मी लवकर निघून गेले, डोकं दुखतंय म्हणून. डोकं दुखत नव्हतं. मी ओटीचं ताट हातात घेतलं होतं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सगळं मीच सकाळी मांडलं होतं. कावेरीनं पदर पुढे केला होता. तुम्ही माझ्या हातातून ताट अलगद काढून घेतलंत आणि शेजारच्या बाईंच्या हातात दिलंत. म्हणालात, "तू राहू दे गं सुखदा, तू आत बघ, पायसम उतू जाईल." गॅस बंद होता. पायसम टेबलावर ठेवलेलं होतं. मी आत जाऊन त्याच्याकडे बघत उभी राहिले. तुम्ही कठोर बाई नाही, मला माहितीये. तुम्ही ताट घेतलं तेही मायेनंच, कोणी मला काही बोलायच्या आधी. म्हणूनच ते इतकं लागलं.

आता एक विनंती. मी डॉक्टरांना फोन करून सांगू शकते, एका मिनिटाचं काम आहे. बिंदूनं सांगितलं नाही तर मंगळवारी मीच सांगणार, हे त्यालाही बजावलंय. चुकीच्या उत्तरावर मी सुई टोचून घेणार नाही. पण ते त्यानं सांगावं असं मला वाटतं. आणि तुमच्यासमोर सांगावं. तुम्ही बाहेर बसलात तर तो सांगेल, आणि घरी येऊन पुन्हा मान खाली घालून तुमच्या बाटल्या घेईल.

म्हणून तुम्ही या, आत या, माझ्या शेजारी बसा. डॉक्टर त्याला विचारतील. तेवढा वेळ तुम्ही बोलू नका. मला माहितीये हे तुमच्यासाठी किती अवघड आहे. अण्णा म्हणतील अशक्य आहे.

तुमचं मन दुखावलं असेल तर दुखावलंच असेल, त्याला इलाज नाही. पण खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही.

तुम्हाला अजूनही अम्माच म्हणणारी,
सुखदा


मारतहळ्ळी,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

ती. अम्मा,

नमस्कार. तुम्ही पत्राचं उत्तर दिलं नाहीत, आणि गेल्या आठवड्यात मंगळवारी आलात तेव्हा पत्र मिळाल्याचं चेहऱ्यावरही दाखवलं नाहीत. मला वाटलं टपाल गहाळ झालं. दवाखान्यात बाकावर तुम्ही मला चकली दिलीत आणि बिंदूला म्हणालात शर्टाचं बटण लाव. मी मनात म्हटलं, झालं, आता आत जाऊन पुन्हा तेच होणार.

आत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तुम्ही होतातच. तरी लिहिते, कारण माझ्या खुर्चीतून जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नसेल. डॉक्टर म्हणाल्या, सुरू करण्याआधी एकदा विचारते, बिंदुमाधव, काही औषधं? तुमचं तोंड उघडलं. मी बघितलं. सवयीनं उघडलं आणि तुम्ही पदराचं टोक धरून ते मिटलंत. आणि बिंदू, चौतीस वर्षांचा बाप्या, डॉक्टरांकडे न बघता तुमच्याकडे बघायला लागला. किती वेळ बघत होता! मला तर त्याच्या पाठीत एक गुद्दा घालावासा वाटला. मग तुम्ही म्हणालात, "मला काय बघतोस? तुला विचारलंय. हेळु, सांग." आणि त्यानं सांगितलं. एका दमात, सहा वर्षांचं सगळं, गोळीचं नाव, फेसाचं नाव, व्हिटॅमिन म्हणून मला फसवलं तेसुद्धा.

डॉक्टर त्याला फारसं रागावल्या नाहीत, याचा मला थोडा रागच आला. म्हणाल्या, कारण हेच असेल असं छातीठोक सांगता येत नाही, पण असू शकतं. गोळी आजपासून बंद. फेस हवा तर चालू ठेवा. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासू, तोवर सुखदाला काही टोचायचं नाही. मी तोंडावर हात धरून बसले होते, रडू आलं तर दिसू नये म्हणून.

तेव्हा तुम्ही विचारलंत, "मग तेलानं काहीच झालं नाही?" डॉक्टर म्हणाल्या, "तेलानं काही बिघडलं नाही, अम्मा." बऱ्या आहेत त्या. आणि तुम्ही उठता उठता थांबलात, माझ्याकडे बोट केलंत. "आणि हिच्यात? हिच्यात काय कमी आहे?" त्या म्हणाल्या, "काहीच नाही." तुम्ही "सरी" म्हणालात. नुसतं 'बरं', एवढंच. मग तडक रिक्षाकडे निघालात. मी डोसा खाऊ म्हटलं तर नको म्हणालात. डोशाला नको म्हणताना मी तुम्हाला पहिल्यांदाच बघितलं.

पुढचं तुम्हाला माहीत नाही. घरी येऊन बिंदूनं गोळ्या दुकानदाराला परत दिल्या. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ आरशासमोर उभा राहिला. मी विचारलं, काय बघतोस? म्हणाला, "निरोप देतोय." मी हसले आणि मग माझ्या लक्षात आलं की तो हसत नाहीये. म्हणाला, "अण्णांसारखा दिसायला लागेन." मी म्हटलं, अण्णांसारखं वागायलाही लाग, म्हणजे माझं भलं होईल. रविवारी जाऊन त्यानं केस बारीक कापून घेतले, म्हणजे पुढे एकदम धक्का बसायला नको. पीण्याला कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. दिवसभर टोपीच असते ना डोक्यावर! सहा वर्षं हा माणूस कोणासाठी गोळ्या खात होता, देव जाणे. नाही, देव कशाला, मी जाणते, तुम्हीही जाणता.

आमचं दोघांचं अजून पूर्ण सुरळीत नाही, तुमच्यापासून कशाला लपवू. व्हिटॅमिनची आठवण झाली की माझी जीभ सुटते. तोही ऐकून घेतो. बरं होईल, पण सावकाश होईल.

काल अण्णा आले. बसनं, दोन बस बदलून, मांडीवर पिशवी घेऊन. मी म्हटलं फोन तरी करायचा, बिंदू न्यायला आला असता. तर म्हणाले, "सुनंदानं सांगितलंय, जाऊन दे आणि ये, जास्त बोलू नको." स्वतः किती बोलता, आणि त्यांना सांगता! पाणी पिऊन त्यांनी मला हळूच सांगितलं की तुम्ही त्या दिवसापासून कढई चढवलेली नाही, धुऊन पालथी घातलीय, आणि बाटल्या घेऊन आलेल्या बायकांना "माका मिळत नाही" म्हणून परत पाठवता. अम्मा, हे काय चाललंय? माका तुमच्या गटाराच्या कडेला हवा तेवढा उगवतो. बिंदूच्या टाळूनं तुम्हाला फसवलं असेल, माझ्या वेणीनं नाही. तेल करा. बायकांना सांगा, डोकं शांत होतं, केस मऊ होतात, आणि घराण्यातलं टक्कल असेल तर डॉक्टरकडे जा, आणि जे घ्याल ते बायकोला सांगून घ्या. माझी बाटली महाशिवरात्रीच्या आत संपेल.

मग अण्णांनी पिशवी उघडली. हिरवा खण, नारळ, पुरचुंडीत तांदूळ, हळकुंड, सुपारी, मोगऱ्याचा गजरा, तो बसमध्ये थोडा सुकला होता. अण्णा म्हणाले, "तिनं सांगितलंय, हे सुखदाला द्यायचं. ती समजेल." मी समजले. समजले म्हणूनच आत जाऊन तोंड धुऊन आले. अण्णा बिचारे कानकोंडे होऊन कढीपत्त्याला पाणी घालायला लागले.

मला कळतंय, तुम्हाला तोंडानं म्हणता येत नाही. आपल्या घरात कोणालाच येत नाही, मलाही कागद लागला. पण अम्मा, तुम्ही मला एवढं सगळं शिकवलंत, आणि ओटी कधी कोणी पिशवीतून पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही. ती हातानं भरतात. एका बाईनं दुसरीच्या पदरात.

म्हणून मी ती घेतलेली नाही. गजरा तेवढा माळला. बाकी सगळं देवापुढे तसंच ठेवलंय, तांदळाची पुरचुंडीसुद्धा सोडलेली नाही. तुम्ही या. कावेरीला आता प्रवास नको, तिला नका आणू. शेजारच्या बाईही नकोत. तुम्ही एकट्या या. मूल व्हायचं तेव्हा होईल, कदाचित होणारही नाही, ते कोणालाच माहीत नाही. त्याच्यासाठी भरू नका. माझ्यासाठी भरा.

आणि या वेळी मधे बोललात तरी चालेल.

पदर खोचून नाही, पसरून वाट बघतेय,
तुमची
सुखदा